बायोसमध्ये आयडीई करून एक्सपी टाकलं म्हणजे काम झालं असं नाही

भोसरीकर मेकॅनिक

परवा जुन्या मशीनवर विंडोज एक्सपी टाकण्याच्या धाग्यात कसबापेठी यांनी लिहिलं की, एनलाइट (विंडोजची सीडी हवी तशी बदलून देणारं सॉफ्टवेअर) घेऊन सीडीत साटाचे (हार्डडिस्कच्या जोडणीचे) ड्रायव्हर घालत बसणारे लोक स्वतःचा आणि गिऱ्हाइकाचा वेळ फुकट घालवतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क चालवायच्या नव्या एएचसीआय पद्धतीचं एक्सपीला कळणारं जुनं आयडीई करा, दोन मिनिटांत काम. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दोन मिनिटांची किंमत मी बघितली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या पावसाळ्यात एका वर्कशॉपमधून फोन आला. मशीनला सिरियल पोर्टवरून प्रोग्रॅम पाठवणारा पीसी. शनिवार-रविवार आणि लागून आलेली सुट्टी, तीन दिवस मेन स्विच बंद. चौथ्या दिवशी चालू केला तर निळा पडदा, स्टॉप ७बी, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही. त्यांच्या नेहमीच्या माणसाने हार्डडिस्क गेली म्हणून सांगितलं, नवी बसवली आणि जुनी भंगाराच्या पोत्यात टाकली. नव्या डिस्कवर एक्सपी टाकायला गेला तर सेटअप म्हणे, या संगणकात हार्डडिस्कच नाही. तेव्हा मला बोलावलं.

मी आधी बायोसमधलं घड्याळ बघितलं. तारीख थेट बोर्डाच्या पहिल्या दिवसावर गेलेली. बायोसची सेटिंग जपणारा बोर्डावरचा सेल मेला होता. सेल मेला की सेटिंग डिफॉल्टला जातात, आणि त्या बोर्डाचा डिफॉल्ट एएचसीआय. काही वर्षांपूर्वी कोणीतरी आयडीई करून एक्सपी टाकून गेला, कुठे चिठ्ठीसुद्धा चिकटवली नाही. पोत्यातून जुनी डिस्क शोधून काढली, नवा सेल टाकला, आयडीई केलं, विंडोज उघडलं. नऊ वर्षांचे प्रोग्रॅम त्या पोत्यात होते. मालक माझ्यासमोर खुर्चीत बसून रडला.

आयडीईचं सेटिंग सेलच्या जिवावर असतं. ड्रायव्हर डिस्कवर असतो. मला एवढंच म्हणायचं आहे.

एक्सपीची सीडी सुरू होते बायोसच्या आधारावर, पण सेटअप पुढे गेला की बायोसला बाजूला सारून स्वतःचे ड्रायव्हर लावतो. २००१ साली आलेल्या त्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही, २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ मध्येही नाही. सुरुवातीला एफ६ दाबून ड्रायव्हर वेगळा द्यायचा तर सेटअप फक्त ए ड्राइव्हमधली फ्लॉपी बघतो. मग सीडीतच घालणं हा एकच नीट मार्ग उरतो. सीडीची पूर्ण नक्कल फोल्डरमध्ये घ्या. आधी सर्व्हिस पॅक, मग ड्रायव्हर. ड्रायव्हरचा ३२ बिटचा, फ्लॉपीसाठी दिलेला संच घ्या, ज्यात टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम (txtsetup.oem) ही फाइल असते. एनलाइटने विचारलं की 'टेक्स्टमोड' निवडा. 'पीएनपी' (विंडोज उभं राहिल्यावर लागणारा ड्रायव्हर) निवडलंत तर सेटअपच्या पहिल्या टप्प्याला डिस्क दिसणारच नाही, आणि निम्मे लोक इथेच चुकतात.

कसबापेठी

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर ऐका.

आपल्याकडे अजून चालू असलेल्या एक्सपीच्या मशिनींत ढिगाने इंटेलच्या जी३१ आणि जी४१ चिपसेटचे बोर्ड आहेत. त्यांच्यावर डिस्क सांभाळायला साधा आयसीएच७ (चिप) असतो. त्यात एएचसीआय मुळात नाहीच! ज्याच्या नावापुढे आर किंवा लॅपटॉपचा एम लावलेला येतो, त्या आयसीएच७ मध्ये आहे. साध्या बोर्डाला कुठला ड्रायव्हर घालणार? तुमच्यासारख्यांचं वाचून एका पोराने जी३१ वर पूर्ण रविवार घालवला. सीडी बनव, जाळ, पुन्हा बनव. शेवटी मूळ सीडी घातली आणि पहिल्या फटक्यात डिस्क दिसली.

दुसरं, एनलाइट. हातात आलं की माणूस फक्त ड्रायव्हर घालून थांबत नाही. 'हे नको, ते नको' करत निम्मी विंडोज कापतो. माझ्याकडे एका शाळेचे दहा पीसी आले होते. कोणीतरी सीडी हलकी करायच्या नादात भाषांच्या फाइली उडवलेल्या. मराठीच्या जागी नुसते चौकोन. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन जोडाक्षरांच्या लिपींचा पर्याय चालू करायला गेलो तर मूळ सीडी मागतो, आणि ती सीडी शाळेने हरवलेली. दहाही मशीन पुन्हा करावी लागली.

आणि वेगाची काळजी असेल तर एएचसीआयच्या आधी पार्टिशन बघा. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून पाडतं. ४ केबीच्या सेक्टरची नवी डिस्क लावली की प्रत्येक लिखाण दोन सेक्टरांवर पडतं. आधी लिनक्सच्या सीडीवरून २०४८ व्या सेक्टरपासून पार्टिशन पाडून घ्या, मग सेटअप चालवा. एका वापरकर्त्याच्या मशीनवर एनसीक्यूने (डिस्कची कामं रांगेत लावायची एएचसीआयमधली सोय) काडीचा फरक पडत नाही, याने पडतो.

जुनी फ्लॉपी

एफ६ चं नाव निघालं म्हणून सांगते. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन मी हे करून बघितलं आहे. एफ६ दाबल्यावर फ्लॉपी वाचली, ड्रायव्हर दिसला, डिस्क दिसली, फॉरमॅट झालं. आता जमलं म्हणेपर्यंत फाइली उतरवायच्या टप्प्यावर पुन्हा म्हणे, ए ड्राइव्हमध्ये डिस्क घाला. घातलेलीच आहे! काही केल्या पुढे जाईना. पहिल्यांदा ती बायोसमार्फत वाचली जाते आणि नंतर एक्सपी स्वतः शोधतं, त्याच्या यादीत मोजकीच मॉडेलं आहेत, हे मला रात्री दोन वाजता कळलं. तेव्हापासून सीडीतच घालते. भोसरीकर बरोबर आहेत.

सांगली छापखाना

माझा प्रश्न इथेच विचारते. आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि मुख्य म्हणजे पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सगळं पेजमेकर ७ (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) मध्ये, जुन्या फॉन्टात. फॉन्टाचा डोंगल (जोडल्याशिवाय फॉन्ट चालत नाही अशी किल्ली) पॅरलल पोर्टचा. गेल्या महिन्यात बोर्ड गेला. यूएसबीवरून पॅरलल करणारी वायर आणली, तिच्यावर प्रिंटर चालतो, डोंगल ओळखत नाही. शेवटी पॅरलल पोर्ट असलेला एच६१ चा जुना बोर्ड मिळाला. आता एक्सपी टाकायचं आहे. आयडीई करू की सीडी बनवू? ३० सप्टेंबरच्या आत सभा असतात, अहवाल डोक्यावर आहेत.

युनिकोडवेडा

ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आयडीईही नाही आणि एएचसीआयही नाही. एक्सपी सोडा. ८ एप्रिल २०१४ ला त्याचा आधार संपला. पेजमेकर ७ हे २००१ चं, त्याला युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) कळत नाही. तुम्ही लोक अजून त्या फॉन्टांत मजकूर कोंडून ठेवता, म्हणून मराठीची वीस-पंचवीस वर्षं शोधताही येत नाहीत.

हे पुस्तकी बोलत नाही. माझ्या वडिलांनी आमच्या गावच्या देवस्थानचा इतिहास लिहिला, २००३ साली छापला. सहाशे पानं. वडील गेले, छापखाना बंद झाला, माझ्या हातात आली ती एक सीडी आणि पेजमेकरची फाइल. उघडली तर अक्षरांच्या जागी नुसता इंग्रजी कचरा, कारण तो फॉन्ट माझ्याकडे नाही. छापलेल्या पुस्तकावरून सहाशे पानं पुन्हा टाइप केली. अकरा महिने लागले. डोळ्यांदेखत बापाचं लिखाण हरवणं काय असतं ते मला विचारा.

सांगली छापखाना

तुमच्या वडिलांच्या पुस्तकाचं वाचून वाईट वाटलं. पण 'तुम्ही लोक' म्हणू नका. आम्ही मजकूर कोंडत नाही, आम्ही पोट भरतो.

युनिकोडात न्यायचा प्रयत्न मी केला आहे. दरवर्षीचा अहवाल मागच्या वर्षीच्या फाइलीवर होतो. आकडे बदलायचे, संचालकांची नावं बदलायची, नफावाटणीचा तक्ता तोच. ती फाइल कन्व्हर्टरमधून काढली. मराठी बरंचसं आलं. पण मजकूर साधा करून दिला की कुठला शब्द मराठी फॉन्टात होता आणि कुठला इंग्रजी, ही खूणच पुसली जाते. खातेक्रमांकातली इंग्रजी अक्षरं, संगणकप्रणालीचं नाव, ऑडिटरची पदवी, सगळ्याचं देवनागरी कडबोळं झालं. 'ऱ्या' प्रत्येक ठिकाणी फुटला: कर्मचाऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, शेतकऱ्यांचे. पतसंस्थेच्या अहवालात हे शब्द किती वेळा येतात, मोजा. ताळेबंदातला एक आकडा चुकला तर सभेत सभासद उभा राहतो, आणि संस्था पुढच्या वर्षी दुसऱ्या छापखान्यात जाते.

आमचे ऑपरेटर अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. टाइपरायटरवर शिकलेला हात. त्यांना नवा कळफलक शिकवायला मी कुठल्या तोंडाने सांगू?

युनिकोडवेडा

टाइपरायटरचाच कळफलक युनिकोडमध्येही मिळतो, हात बदलावा लागत नाही. इनडिझाइनला २०१२ च्या सीएस६ पासून देवनागरी जुळवता येते आणि तीच आवृत्ती पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फाइली उघडते. पैसे नसतील तर स्क्रायबस फुकट आहे, १.५.३ पासून त्यातही जोडाक्षरं नीट येतात. न करण्याची कारणं सापडतातच.

सांगली छापखाना

न करण्याची कारणं? जुलै ते सप्टेंबर आम्ही रात्री अकरापर्यंत उभे असतो. तुम्ही या, आठ दिवस बसा आणि एक अहवाल बदलून दाखवा. एक!

भोसरीकर मेकॅनिक

दोघांनीही थांबा. ताईंनी मशीन चालू करायचं विचारलं आहे. हा वाद ऑक्टोबरात करा, मीही येईन.

ताई, एच६१ वर साटा एएचसीआयचा आयडी (कंट्रोलर ओळखायचा क्रमांक) बहुतेक ८०८६ आणि १सी०२ असतो. आयडीई मोडमध्ये तोच कंट्रोलर वेगळा आयडी दाखवतो, म्हणून आयडी बघताना मोड बघा. इंटेलचा ड्रायव्हर सगळ्यात नवा उतरवू नका, एक्सपीचं नाव ज्यात लिहिलं आहे ती जुनी आवृत्ती घ्या. एनलाइटमध्ये बाकी कशालाही हात लावू नका. कसबापेठींनी सांगितलेला चौकोनांचा प्रकार खरा आहे, आणि तुमच्याकडे तर मराठीच आहे.

कसबापेठी

आणि बोर्ड बदलून त्याचा डिफॉल्ट आयडीई निघाला तर? सेल मेला की तुमचं एएचसीआयवरचं एक्सपी उलट्या बाजूने अडकेल. मग तुमचा सिद्धांत कुठे गेला? आणि जुनी डिस्क शाबूत असताना नवी सीडी का? आधी तिची पूर्ण नक्कल काढा, हे कोणी सांगितलंच नाही त्यांना.

भोसरीकर मेकॅनिक

नक्कल काढायचं मी सांगायला हवं होतं. चूक माझी. ताई, सगळ्यात आधी जुन्या डिस्कची नक्कल. त्याशिवाय कशालाही हात लावू नका.

डिफॉल्टचा मुद्दाही मान्य करावा लागतो. 'नेहमी एएचसीआय' हे माझं म्हणणं अर्धवट होतं. बायोसमध्ये लोड डिफॉल्ट करायचं, मोड कुठला येतो ते बघायचं आणि त्याच मोडमध्ये एक्सपी टाकायचं. आयडीई आला तर साधी सीडी पुरेल. एएचसीआय आला तर ड्रायव्हर घातलेली. पण तुमचं 'दोन मिनिटांत काम' मी मान्य करत नाही, आणि करणारही नाही. ते पोतं मी बघितलं आहे.

सांगली छापखाना

जुन्या डिस्कची नक्कल काढून घेतली. लोड डिफॉल्ट केलं, एएचसीआय आला. भाच्याला सीडी करायला बसवलं आहे.

युनिकोडवेडा, मघाशी चिडून बोलले. तुम्ही रागावू नका. दिवाळीनंतर एका लहान पतसंस्थेचा अहवाल तुमच्याकडे पाठवते, आठ पानांचा. 'शेतकऱ्यांचे' नीट आणून दाखवा.

युनिकोडवेडा

पाठवा. मूळ पेजमेकरची फाइल पाठवा, साधा मजकूर नको. फॉन्टाची खूण फाइलीत असते, तिथून उचलली तर इंग्रजी वेगळं काढता येईल. आठ दिवस लागतील हे तुमचं म्हणणं मात्र खरं असेल.

कसबापेठी

काल रात्री माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे जाऊन आलो. दोन्ही मशीन मीच आयडीई करून दिलेली, एक दवाखान्यातली, एक वजनकाट्यावरची. दोन्हींचा डिफॉल्ट एएचसीआय. वजनकाट्याचा सेल २.६ व्होल्टवर आला होता.

सेल बदलले, कॅबिनेटच्या आतून चिठ्ठी चिकटवली. सीडी मी अजूनही बनवणार नाही. चालू एक्सपीतच ड्रायव्हरची सिस फाइल टाकून, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) कंट्रोलरचा आयडी भरून, मग बायोस बदलतो. भोसरीकर, त्या रजिस्ट्रीच्या नोंदी तुमच्याकडे तयार असतील तर पाठवा. वजनकाट्याचा कंट्रोलर १सी०२ च आहे.