तोच प्रयोग, रोज?

प्रेषक: नाना (दांडिया बाजार)
दिनांक: २८ जानेवारी २०२५
विषय: रविवारच्या कार्यक्रमाबद्दल एक प्रश्न

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

२६ तारखेला कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडचा अहमदाबादचा कार्यक्रम घरबसल्या टीव्हीवर थेट दाखवत होते. आपल्या मंडळाची मुलं तिथल्या मोटेराच्या मैदानावर गेली होती, म्हणून कौतुकाने लावला आणि संपेपर्यंत जागचा उठलो नाही. गाणारा क्रिस मार्टिन मनापासून गातो, याबद्दल वाद नाही. शेवटाकडे त्याने 'वंदे मातरम्' म्हटलं तेव्हा माई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि उभीच राहिली. पेटीचे सूर ओळखणाऱ्या माणसाला त्याचा पियानोही आवडेल असा आहे.

पण दुसऱ्या दिवशी नातवाकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की हा दौरा मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकात सुरू झाला आणि तेव्हापासून दीडशेहून जास्त वेळा हाच कार्यक्रम झाला आहे. बरीचशी गाणी तीच, क्रमही जवळपास तोच. ठरलेल्या क्षणी ठरलेल्या रंगाचे दिवे. तेव्हापासून मनात एक प्रश्न अडकून बसलाय.

माझं ऐकणं सगळं ख्यालाचं. उस्ताद फैयाज खाँ आपल्या बडोद्याच्याच दरबारी होते. माझ्या वडिलांनी त्यांना ऐकलं होतं. ते सांगायचे, खाँसाहेबांचा एकच राग आज ऐकावा आणि उद्या ऐकावा, उद्याचा निराळा. मग जे रोज तंतोतंत तेच करायचं, त्यात गाणाऱ्याला शोधायला काय उरतं? मी टीका करत नाही. तुम्ही मुलं तिथे होतात, तुम्हाला काहीतरी मिळालं असणारच. ते काय, एवढंच मला कळून घ्यायचंय.

आपला,
नाना


प्रेषक: खजिनदार
दिनांक: २८ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: रविवारच्या कार्यक्रमाबद्दल एक प्रश्न

नाना, उत्तर मुलं देतील. मला फक्त गाडीचा हिशेब कळवायचा आहे. मिनीबसचं भाडं, एक्सप्रेसवेचा टोल आणि चालकाचं जेवण मिळून जी रक्कम झाली, ती अकरा जणांत वाटली आहे. मंडळाच्या वर्गणीतून काहीही घेतलेलं नाही. दोघांचे पैसे यायचे आहेत, ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला आणून दिले तरी चालतील. ठेपल्यांचे डबे माझ्याकडे राहिलेत, ओळखून घेऊन जा.


प्रेषक: छोटी (अकोटा)
दिनांक: २९ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: रविवारच्या कार्यक्रमाबद्दल एक प्रश्न

नाना, नमस्कार.

तुमचा मेल काल रात्री वाचला आणि आज सुरसागर तलावाच्या काठी, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून लिहितेय. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेत तबला शिकणाऱ्या मुलीने या प्रश्नाचं उत्तर दिलंच पाहिजे.

आधी तुमचंच तुम्हाला सांगते. लहानपणी गणपतीत तुम्ही आम्हाला गंधर्व नाटक मंडळीच्या गोष्टी सांगायचात. बडोदे सरकारचा आश्रय असलेली कंपनी, रेल्वेने गावोगाव फिरणारे पडदे आणि गालिचे, ऑर्गन, सारंगी, सगळ्यांचं एकत्र बिऱ्हाड. नवं नाटक बसलं की दौरा निघायचा. संहिता ठरलेली, पदं ठरलेली, कुठल्या पदाला पडदा कुठला तेही ठरलेलं. तरी लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायला यायचे, वन्समोअर घेत पहाट करायचे. तिथे तुम्ही कधी 'रोज तेच' म्हणाला नाहीत.

मोटेराला मला तेच दिसलं, फक्त रेल्वेच्या जागी मालवाहू विमानं आणि ट्रक. 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' हा अल्बम १५ ऑक्टोबर २०२१ ला आला, त्याचा हा दौरा. मध्येच ४ ऑक्टोबर २०२४ ला पुढचा अल्बम 'मून म्युझिक' आला, तर त्यातली पदं चालत्या दौऱ्यात घातली. कार्यक्रमाचे चार भाग आहेत: ग्रह, चंद्र, तारे आणि घर. चार अंकच की हो नाना! आणि नाटकात नांदी असते, तशी आधी पाहुण्यांची गाणी. आपल्याकडे त्यात गायिका जसलीन रॉयल होती.

आता दिव्यांबद्दल. आत जाताना प्रत्येकाच्या हातात एक पट्टा देतात. तो मंचाकडून येणाऱ्या संकेतांवर रंग बदलतो. टीव्हीवर तुम्ही ते सगळं वरून पाहिलंत, एक मोठी रांगोळी. आत बसलेल्याला तसं दिसत नाही. स्वतःचा पट्टा तर दिसतच नाही, कारण हात वर असतो. समोरच्या बाजूचे हजारो हात दिसतात. लाखावर माणसं होती. मैदानाची क्षमताच १,३२,००० ची. पहिल्या गाण्याला पलीकडचा सगळा उतार एका श्वासात पिवळा झाला आणि माझ्या शेजारच्या, मेहसाण्याहून आलेल्या काकू रडायला लागल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मुलाने तिकीट काढून दिलं म्हणून आल्या होत्या. मी त्यांचा हात धरला, तो कार्यक्रमभर सोडला नाही. पट्टा बाहेर पडताना परत केला. तो वनस्पतीपासून केलेल्या, कुजणाऱ्या पदार्थाचा असतो आणि पुढच्या गावी पुन्हा वापरतात.

तुमचा खरा प्रश्न मात्र यात सुटत नाही, हे मला कळतं. गाणाऱ्याला काय उरतं?

अशा मोठ्या कार्यक्रमात दिवे, पडद्यावरची चित्रं आणि वाद्यं एकत्र राहावीत म्हणून ढोल वाजवणाऱ्याच्या कानात एक बारीक ठोका सतत चालू असतो. पहिल्यांदा मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. मग लक्षात आलं, हा लेहरा आहे. सोलोला बसलं की सारंगी किंवा पेटी तीच एक ओळ तास तासभर धरून ठेवते. ती हलत नाही म्हणूनच तबलेवाल्याला सुटता येतं. यांचा लेहरा आपल्यापेक्षा घट्ट आहे, मोकळी जागा कमी आहे, हे मी मान्य करते. पण आहे. मैदानाच्या पार मागच्या टोकाला त्यांनी एक छोटासा मंच केलाय. बँडचे चौघे चालत तिथे येतात आणि हाताभर अंतरावर उभे राहून वाजवतात. सगळ्यात स्वस्त तिकिटवाले, जे तोवर फक्त पडदा बघत होते, ते अचानक पुढच्या रांगेत. आम्ही तिथेच होतो. तिथे गाणं सैल झालं. गिटारवाला जॉनी बकलंड एका जागी थांबला, हसला, आणि बाकीचे तिघे त्याच्यासाठी थांबले. हे कोस्टा रिकात झालं नसणार.

आणि त्या मंचाची वीज प्रेक्षक करतात. मैदानात सायकली बसवल्या होत्या, शिवाय उड्या मारल्या की वीज तयार करणारी जमीन. मी दहा मिनिटं पॅडल मारले. माझ्या पायांची वीज त्या थांबलेल्या गिटारपर्यंत पोचली असेल, असं मला वाटतं आणि वाटत राहणार.

२६ तारखेलाच क्रिकेटपटू बुमराह मैदानात होता, त्याला पडद्यावर दाखवल्यावर क्रिस मार्टिनने तिथल्या तिथे त्याच्यासाठी ओळी गायल्या. अहमदाबादच्या पोरासाठी अहमदाबादेत.

तुमची,
छोटी


प्रेषक: दादा (पूर्वी रावपुरा, आता लंडन)
दिनांक: ३० जानेवारी २०२५
विषय: उत्तर: रविवारच्या कार्यक्रमाबद्दल एक प्रश्न

नाना, छोटी, सगळ्यांना नमस्कार.

हाच दौरा मी ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या वेम्बली स्टेडियमला पाहिला होता. तेव्हा सहा रात्री झाल्या, यंदाच्या उन्हाळ्याअखेर तिथेच दहा जाहीर झाल्यात. म्हणून रविवारी इथे दुपारीच लॅपटॉप उघडून बसलो आणि मनात दोन्ही ताडून पाहिले. गाणी पुष्कळशी तीच. पण इथले लोक गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतात, आणि मोटेराचे लोक गाणं चालू असताना टाळी धरतात. गरब्याची सवय हो! ती टाळी गाण्याच्या आत शिरली होती. गाणाऱ्याने ती ऐकली आणि एका ठिकाणी गाणं सोडून नुसता टाळी ऐकत राहिला. मला घर आठवलं, दुसरं काय सांगू.

एक गोष्ट छोटीने लिहिली नाही. २०१९ च्या अल्बमच्या वेळी यांनी दौराच काढला नव्हता. विमानं, ट्रक, जनरेटर यांचा धूर पाहता असं फिरणं बरोबर नाही, असं ते जाहीरपणे म्हणाले. जॉर्डनमध्ये अम्मानला २२ नोव्हेंबरला सूर्योदयाला एक आणि सूर्यास्ताला एक, असे दोनच कार्यक्रम करून ते जगभर थेट दाखवले. त्यानंतर हा दौरा आखला, तो २०१६-१७ च्या दौऱ्यापेक्षा थेट प्रदूषण निम्म्याने कमी करण्याचं ठरवून. २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की पहिल्या दोन वर्षांत घट ५९ टक्के झाली. यात प्रेक्षकांचा प्रवास धरलेला नाही, आणि खरा भार तोच आहे असं माझं मत. म्हणून अकरा जण एका मिनीबसने गेले हे मला फार आवडलं. एक लोकप्रिय कंपनी दौरा थांबवते आणि 'आधी पद्धत सुधारतो' म्हणते, याला माझ्या लेखी गाण्याइतकंच मोल आहे.

नाना, तुमच्या प्रश्नावरून मला याकुतपुऱ्यातल्या एका मुलाची आठवण झाली. मौलाबक्षांचा नातू इनायत खान. जन्म बडोद्यात १८८२. १९१० च्या सप्टेंबरात भाऊ आणि चुलतभावाला घेऊन, वीणा उचलून तो अमेरिकेला निघाला. पुढच्या वर्षी तिथल्या रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या कार्यक्रमांत हे बडोदेकर गावोगाव वाजवत होते. समोर बसलेल्या कोणाच्याही कानात राग नव्हता. रोज नवं गाव, रोज अनोळखी माणसं, आणि नाचाला धरून वाजवायचं म्हणजे बांधलेलंच वाजवायचं. खयालाच्या घरातल्या माणसाला ते किती जड गेलं असेल! पुढे पहिल्या महायुद्धात ते लंडनमध्येच राहिले. मी कामावर जाताना कधी कधी विचार करतो, की आपल्या गावातून निघालेला तो पहिला जागतिक दौरा, आणि आपल्याला शाळेत तो कोणी शिकवला नाही.

तुमचा,
दादा


प्रेषक: नाना (दांडिया बाजार)
दिनांक: ३१ जानेवारी २०२५
विषय: उत्तर: रविवारच्या कार्यक्रमाबद्दल एक प्रश्न

चि. छोटी, चि. दादा, अनेक आशीर्वाद.

दोघांची पत्रं माईला मोठ्याने वाचून दाखवली. मेहसाण्याच्या काकूंपाशी तिने मला थांबवलं आणि तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला.

छोटी, लेहरा मला पटला. साठ वर्षं ऐकतोय, पण ठोक्याकडे असं पाहायचं सुचलं नव्हतं. नाटक कंपनीचं मात्र अर्धंच पटलं. संहिता ठरलेली होती, पदं ठरलेली होती, पण बालगंधर्व वन्समोअर मिळाला की तेच पद पुन्हा तसंच गात नसत. एका पदाच्या तीन खेपा म्हणजे तीन जागा. लोक त्यासाठी बसायचे. तुझ्या चौघांनी मागच्या मंचावर जेवढं सैल सोडलं तेवढंच त्यांनी सगळीकडे सोडलं असतं, तर मी माझा प्रश्न मागे घेतला असता. तुझं वय झालं की तूही हेच म्हणशील असं मी म्हणत नाही, कारण तुझा कान माझ्यापेक्षा दोन प्रकारचं ऐकतो.

दादा, इनायत खानांच्या घरावरून मी कितीदा गेलो असेन. उद्या सकाळी फिरायला तिकडेच जातो.

आता माझी एक विनंती. या दौऱ्याचं मुंबईला १८, १९ आणि २१ तारखेला झालं, आणि आपल्याकडे २५ आणि २६ ला. म्हणजे नऊ दिवसांत पाच प्रयोग. छोटीच्या मैत्रिणी मुंबईला होत्या असं ऐकतो, त्यांनी फोनवर काही ना काही टिपलं असेल. एकच गाणं घेऊ, मागच्या मंचावरचं. मुंबईचं आणि अहमदाबादचं लागोपाठ ऐकू, आधी मूळ अल्बममधलं. मला तो जॉनी कुठे थांबला ते ऐकायचंय, आणि मुंबईत थांबला का तेही.

रविवारी संध्याकाळी पाचला आमच्याकडे. ज्यांना यायचं त्यांनी या. मी बालगंधर्वांच्या दोन तबकड्या काढून पुसून ठेवतो. छोटी, तबला आण. ठोक्यावर वाजवून दाखव, आणि मग तोच तुकडा ठोक्याशिवाय.

माई म्हणतेय सेव-उसळ करते, तेव्हा किती जण ते शनिवारी दुपारपर्यंत कळवा.

नाना