कारचा रेडिएटर गळतोय, हात आखडता आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी १२ वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल. तीन आठवड्यांपासून कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिला, तर सकाळी रेडिएटरच्या डाव्या कोपऱ्याखाली हिरवट डाग. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी जिथे जोडली आहे, त्या सांध्यावर थर साचलाय. चढावर तापमानाचा काटा वर जातो, पंखा मात्र वेळेवर फिरतो.

गॅरेजमध्ये रेडिएटर, होज (रबरी नळ्या), थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह आवरणारी झडप), वॉटर पंप असं सगळंच बदलायला सांगितलं. एवढे पैसे या महिन्यात नाहीत. आठवड्यातून तीनदा वडिलांना डायलिसिसला न्यायचं असतं, त्यामुळे गाडी उभीही ठेवता येत नाही. एपॉक्सी लावून चालेल का? की भंगारातला जुना रेडिएटर बघू? काम घरी करायची तयारी आहे.

प्रतिसाद १

आधी हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) शाबूत आहे का ते बघा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर रेडिएटरवरचा खर्च वाया जाईल.

एपॉक्सी नको. आत बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो आणि प्लास्टिक व अ‍ॅल्युमिनियम कमीजास्त फुगतात, त्यामुळे सांध्यावरचा लेप सुटतो. तांब्या-पितळेचा असता तर सोल्डरने डाग देता आला असता. गळती थांबवणारी पावडर हीटरच्या बारीक नळ्याही तुंबवते. भंगारातल्या रेडिएटरचं प्लास्टिक तुमच्याइतकंच म्हातारं असणार. माझं मत, बाहेरच्या कंपनीचा का होईना, नवाच घ्या. जाळीची जाडी आणि होजची तोंडं जुन्याशी ताडून बघा.

कूलंट काढणारच आहात, तर थर्मोस्टॅट आणि तेवढ्याच दाबाचं नवं झाकण बसवून टाका. होज दाबून बघा, भेगा नसतील तर राहू द्या. पंप गळत नसेल, आवाज किंवा खेळ नसेल, तर तोही.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंग सारखा म्हणून जात सारखी असं नसतं, वेगळ्या जातीचं मिसळलं तर गाळ धरू शकतो. जुनं कूलंट बादलीत धरा. ते गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हवा अडकणार नाही.

तोवर काटा चढला की गाडी थांबवा. गरम झाकणाला हात लावू नका, वडील सोबत असतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ आहे, पंपही कोरडा. रविवारी करतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरलाच बोल्टने जोडलेला दिसतोय. गॅस न सोडता तो मोकळा होईल का?

प्रतिसाद १

बहुतेक गाड्यांत होतो. बोल्ट काढा आणि कंडेन्सर पुढच्या बाजूला दोरीने बांधून ठेवा, नळ्यांवर ताण येऊ देऊ नका. एसीचा एकही सांधा सोडवायचा नाही. जुन्याच्या बुडाचे रबरी बुश टाकू नका, नव्यासोबत ते बरेचदा येत नाहीत.