बायकांचा ताण: कंपनीने नक्की काय करायचं?

अनघा_लिहिते
आमच्या ऑफिसात नुकताच ‘महिला मानसिक आरोग्य सप्ताह’ झाला. श्वसनाचे व्यायाम, हेल्पलाइनचा नंबर आणि ‘स्वतःसाठी वेळ काढा’ या विषयावर व्याख्यान. तेही संध्याकाळी साडेसहाला! घरी लहान पोरं किंवा आजारी माणसं असलेल्या बायका तोवर निघूनही गेल्या होत्या.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकाम-देखभालीचा ७६ टक्के वेळ बायका देतात. त्यात ऐनवेळी ठरणाऱ्या मीटिंगा. काम भरपूर आणि ते कधी, कसं करायचं हे आपल्या हातात नाही, ही जोडगोळी माणसाला सर्वांत जास्त पिळते, हे कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९मध्येच मांडलंय. त्याला हात न लावता बाईलाच ‘सांभाळ गं स्वतःला’ म्हणायचं ही शुद्ध पळवाट आहे.

स्पष्टवक्ता
असहमत. नवरा घरात काडी हलवत नाही, त्याचं बिल कंपनीच्या नावावर कशाला? आणि बायकांसाठी सवलती वाढल्या की पुढच्या भरतीत बाईचाच अर्ज बाजूला पडतो. तोंडावर कोणी बोलत नाही, एवढंच.

निळी_शाई
हेल्पलाइनची टिंगल नको. बाळंतपणानंतर कामावर रुजू झाले तेव्हा दोन ओळींची ईमेल लिहायला मला तास लागायचा. बाळ झोपलं तरी मी टक्क जागी. घरचे म्हणायचे, होतं असं. फोनवरच्या समुपदेशक बाईंनी ‘हा नुसता थकवा नाही’ म्हणून डॉक्टरकडे धाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नुकतंच बाळंतपण झालेल्यांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. मीटिंगची वेळ बदलून माझं दुखणं गेलं नसतं.

अनघा_लिहिते
@निळी_शाई, हेल्पलाइन असू दे की. पण तिच्यावर भागवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत कामाची पद्धत बदलणं आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणं, दोन्ही आहे. @स्पष्टवक्ता, सवलत फक्त बायकांना द्या असं मी कुठे म्हटलं? बापालाही द्या. मग भरतीत कोणाला गाळणार?

रातपाळी
सगळे लॅपटॉपवालेच बोलताय! मी नर्स. आमचा ड्युटीचा तक्ता आदल्या रात्री ग्रुपवर पडतो. पाळी जायच्या वयात दरदरून घाम, झोपेचं खोबरं, वर सलग नाइट, वर नातेवाइकांच्या शिव्या. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१९चा १९० क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार बाहेरच्यांकडून होणारा त्रासही धरतो. वॉर्डात त्याची तक्रार कोणाकडे करायची, ते मात्र कोणी सांगत नाही. तक्ता पंधरा दिवस आधी मिळाला तरी निम्मं डोकं शांत होईल.

स्पष्टवक्ता
तक्ता आधी द्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण एक जण रजेवर गेला की बदली माणूस येत नाही. ते काम कोणाच्या गळ्यात? बहुतेकदा अविवाहित मुलीच्या. ‘तुला काय, घरी कोण आहे!’ तिच्या ताणाचं काय?

एकटी_बरी
ती मुलगी मीच समजा. वडिलांची औषधं, तपासण्या, रात्रीची उठबस सगळं मीच बघते. ऑफिसात सांगितलेलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. म्हणून माझं मत अनघाच्या बाजूने, एका अटीवर: कारण न विचारता रजा द्या आणि त्या जागी माणूसही द्या.