मदत हवी आहे: जीएनएम नर्स, जर्मनी की इंग्लंड?

नमस्कार मंडळी. मी मूळची सोलापूरची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, पुण्यात आयसीयूत ४ वर्षं स्टाफ नर्स. बाहेर जायचं पक्कं आहे, कुठे ते ठरत नाहीये.

इंग्लंडसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. माझं लेखन दोनदा ६ वरच अडकलं. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) देऊ का? त्यात निदान पेशंटबद्दलचं पत्र लिहायचं असतं, ते तर अंगवळणी पडलेलं. नंतर सीबीटी (संगणकावरची नर्सिंगची परीक्षा), आणि तिकडे गेल्यावर ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा).

जर्मनीत जर्मन भाषा साधारण बी२ पातळीपर्यंत (पातळ्या ए१ ते सी२) हवी. शिवाय आपलं शिक्षण तपासतात आणि जे कमी पडेल त्यासाठी तिथेच प्रशिक्षण किंवा परीक्षा. एक एजंट म्हणतो, "ताई, हे सोडा, ३ वर्षांचं आउसबिल्डुंगच (कामासोबतचं नर्सिंग प्रशिक्षण) करा, स्टायपेंड मिळतो." अहो, पण मी नर्स आहेच की! पुन्हा बेड लावायला शिकू? वर ३ लाख आधी मागतोय, पावतीचं नाव काढलं की विषय बदलतो.

सध्या जर्मनची ए२ पातळी चालू आहे. नाइटला सक्शन, चार्टिंग उरकलं की पहाटे ४ ला डेअर-डी-डास (जर्मन नामांची लिंगं) घोकते. वॉर्डबॉय दादा हसतात.

जीएनएमवर थेट मान्यता मिळवून जर्मनीत गेलेलं कुणी आहे का? मान्यता येईपर्यंत हातात किती पगार पडतो? नोकरी सांभाळून बी२ ला किती महिने लागले? मुलगी ५ वर्षांची आहे, तिला आणि नवऱ्याला कधी नेता आलं तेही सांगा.