माणसं डोंगरात न्यायचा धंदा सुरू केलेल्यांनो, हिशेबासकट लिहा

हौसेने गड फिरणारे आपण सगळेच. पैसे घेऊन माणसं न्यायला लागलं की गणित पार बदलतं आणि ते कोणी आधी सांगत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला सांगतोय. किती सुटले, कुठे फसलात, आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदा 'नाही' कधी म्हणालात, हे तिन्ही लिहा. सूर्योदयाची वर्णनं नकोत, ती सगळ्यांकडे आहेत.

माझ्यापासूनच सुरुवात. राहणार चिंचवडचा, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार हे करतो. पहिला ट्रेक राजगड, गुंजवण्याच्या बाजूने. माणशी 1,100 रुपये, 14 जण, म्हणजे 15,400. सतरा सीटरचे 7,500, टोल-पार्किंग 600, बरोबरच्या लीडरला 1,000. नाश्ता-जेवण माणशी 230, आणि पानं 17, कारण मी, लीडर नि ड्रायव्हरही जेवतो! हे 3,910. उरले 2,390. आदल्या रात्री दोघे गळाले, मी भिडेखातर पूर्ण पैसे परत केले. जेवण आधीच सांगितलेलं. हातात राहिले 190 रुपये. बायको म्हणाली, 'घरी बसला असतास तर भाजी तरी आणली असतीस.' दुसऱ्या ट्रेकपासून नियम केला: शेवटच्या दोन दिवसांत रद्द केलं तर पैसे परत नाहीत, बदली माणूस द्या.

सोमवार पेठ, पुणे

मी निवृत्त शिक्षिका. डोंगर नाही, पेठांमधून चालवते. पहिल्या वॉकला चार जण आले. त्यातल्या तिघी म्हणजे माझी नणंद, तिची जाऊ आणि जाऊबाईंची भिशीतली मैत्रीण. चौथे एक आजोबा, फक्त तेच पैसे देऊन आलेले.

त्रिशुंड गणपतीपाशी मी पाऊण तास बोलले. काय करणार, वर्गात तास पस्तीस मिनिटांचा असायचा, इथे घंटाच नाही. दारावरचा साखळदंडाने बांधलेला गेंडा, संस्कृत आणि फारसी शिलालेख, मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती, एरवी पाण्याने भरलेलं आणि गुरुपौर्णिमेला उघडणारं तळघर, सगळं एका दमात. बांधकाम 1770 साली 'सुरू झालं' असंही ठोकून दिलं. आजोबा हळूच म्हणाले, 'बाई, सुरू 1754 ला, 1770 ला पुरं झालं.' मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. हल्ली प्रत्येक जागी बारा मिनिटं, आणि तारीख कागदात बघून सांगते.

धंद्याचं म्हणाल तर 300 रुपये तिकीट, खर्च जवळपास शून्य, सकाळी सातची वेळ, कारण नऊनंतर स्कूटरींपुढे माझा आवाज टिकत नाही. रस्ता आखताना मी देवळं नंतर बघते, आधी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे ते. यावर पुरुष मंडळी हसतात. हसू देत.

नाशिक

'नाही' कधी म्हणालात, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. हरिहर किल्ला, जुलैचा रविवार. त्या कोरीव पायऱ्या किती उभ्या आहेत ते गेलेल्यांना माहीत आहे, खोबणीत बोटं अडकवूनच चढावं लागतं. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वाटेवर, मध्ये कोणी फोटोसाठी थांबलेलं, वर पाऊस. माझे 22 जण पायथ्याच्या गावातून पायऱ्यांपर्यंत आले होते. मी तासभर थांबले, गर्दी हलेना. म्हटलं, फिरा मागे. एक जण माझ्यावर आवाज चढवून म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला भीती वाटते तर आम्ही आमचे जातो.' त्याला सांगितलं, जायचं तर माझ्या यादीतून नाव खोडून, सही करून जा. सही केली नाही, परतही आला, आणि रात्री ऑनलाइन रेटिंगमध्ये एकच तारा देऊन मोकळा झाला.

आता फॉर्मवर पहिलीच ओळ असते: परत फिरायचं मी ठरवणार. आणि हरिहर पावसाळ्यात फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी. निम्मा धंदा गेला त्यात, खोटं कशाला बोलू.

पाचनई, ता. अकोले

तुम्ही सगळे शहरातून लिहिताय, मी पायथ्याचा. हरिश्चंद्रगडावर लोक नेतो, घरी जेवण करतो. पहिली चार वर्षं शहरातल्या ग्रुपांचीच माणसं यायची. ते माणशी 1,500 घेणार आणि आमच्या पिठलं-भाकरीच्या ताटाला 150 सांगितले की 'दादा, 120 करा ना, पुढच्या वेळी जास्त माणसं आणतो.' पुढच्या वेळी माणसं जास्त, भाव तोच. एकदा 40 जणांचं सांगून 26 आणली. आईने रात्री दोनला उठून केलेल्या भाकऱ्या गुरांना घातल्या. आता निम्मे पैसे आधी, मगच चूल पेटते.

कोकणकड्यावर लोकांना झोपून खाली बघायचं असतं, त्यांचे पाय धरायला मी. केदारेश्वराच्या गुहेत पाणी बर्फासारखं, तरी उतरायचंच असतं. आणि अत्तर फवारून येऊ नका, आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नाही. हे मी दर वेळी सांगतो, दर वेळी एक तरी घमघमत येतो.

कोल्हापूर

पाचनईकर, आगाऊ पैशाचं एकशे एक टक्का.

माझी भर बुटांची. पन्हाळा-पावनखिंड नेतो, जुलैत. मसाई पठारावर दर वेळी कोणाचा तरी सोल निघतोच. बूट दिसायला नवा कोरा असतो, पण तीन वर्षं माळ्यावर पडलेला, दमट हवेने सोलचा फोम आतून कुजलेला. चिखलाने ओढला की तळवा तसाच मागे. माझ्या पिशवीत औषधांच्या आधी सुतळी आणि प्लॅस्टिकचे टाय असतात. पुढून एक, मधून दोन, गाठ वरच्या बाजूला, खाली आली तर घासून तुटते.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. मी एजंटाला 2,000 दिले, तुम्ही देऊ नका.

डोंबिवली

मी अजून सुरूच केलेलं नाही, फक्त वाचत होते. पहिला ट्रेक राजमाची ठरवलाय, 11 जण झालेत, त्यात सहा बायका. सतरा सीटर करू की लोकलने कर्जतला जाऊन कोंदिवड्यापर्यंत रिक्षा?

चिंचवड

लोकल. 190 रुपये आठवा.