मदत हवी आहे: .३०-३० लिव्हर रायफलवर कमी पटीचा स्कोप कोणता घ्यावा?

हेमलॉक_वाडी

रायफल मार्लिन ३३६ (खालची लिव्हर ओढून काडतूस भरायची), .३०-३० काडतुसाची, २० इंची नळी. स्कोपच्या बेससाठी (स्कोप बसतो ती पट्टी) आटे पाडलेली भोकं आहेत, सध्या फक्त लोखंडी साइट.

जागा: पेन्सिल्व्हेनिया, पॉटर काउंटी. दाट रान, हेमलॉक आणि बीच. सावज व्हाइटटेल हरीण, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होणारा रायफलचा हंगाम. नेम बहुतेक ४० ते १०० यार्डांत. विजेच्या तारांखाली झाडं तोडलेली एक पट्टी आहे, तिथे जास्तीत जास्त १५०. अर्धा वेळ मचाण, अर्धा वेळ हाका. बजेट ४०० डॉलर, रिंगा (स्कोप धरणारी कडी) आणि बेस धरून.

दुकानदाराने तीन पुढे ठेवलेत: फुलीत दिवा असलेला १-६x२४ (१ ते ६ पट, पुढचं भिंग २४ मिमी), साधा २-७x३३ आणि ३-९x४०. त्याचा कल १-६ कडे. माझे प्रश्न:

१. खाली १ पट खरंच लागते का?
२. २४ मिमीच्या भिंगातून तिन्हीसांजेला दिसतं का?
३. फर्स्ट फोकल प्लेन (पटीबरोबर फुली लहान-मोठी होते) की सेकंड (फुली कायम तेवढीच)?
४. स्कोप बसल्यावर घोडा चढवायला अंगठा पोचेल का?

भारतात शिकारीला कायद्याने बंदी आहे याची कल्पना आहे. इथला प्रश्न इथल्या परवान्याचा आहे, तो वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

बारा_बोअर

तिन्हीतला २-७x३३ घ्या. किंवा त्याहून आखूड हवा असेल तर १.५-४x२० किंवा १.५-५x२० बघा, ल्युपोल्डच्या व्हीएक्स-फ्रीडम मालिकेत १.५-४x२० बजेटमध्ये बसतो.

१-६ मुळात एआर पद्धतीच्या (एआर-१५ सारख्या अर्ध-स्वयंचलित) रायफलींसाठी लोकप्रिय झाला. ३० मिमीची नळी, वजन बहुतेक ४५० ते ६०० ग्रॅम, वर जाड रिंगा. तुमची रायफल सव्वातीन किलोच्या आसपास. तिची सगळी मजा रिसीव्हरखाली (मधल्या धातूच्या पेटीखाली) एका मुठीत धरून चालण्यात आहे. एवढं ओझं माथ्यावर ठेवलं की ती हातात कलंडते. १.५-४x२० तीनशे ग्रॅमच्या आत येतो. आणि ३० मिमीच्या नळीतून उजेड जास्त येतो हा दुकानी समज आहे. तिचा उपयोग मुख्यतः क्लिकांचा (फुली सरकवायच्या पायऱ्यांचा) पल्ला वाढवायला, तो तुम्हाला १५० यार्डांत लागणारच नाही.

१ पटीबद्दल: १ वर १०० यार्डांला शंभर-एक फूट रुंदी दिसते, १.५ वर पंच्याहत्तरच्या आसपास, २ वर चव्वेचाळीस, ३ वर तेहेतीस. हाक्यात ४० यार्डांवरून हरीण आडवं पळालं तर ३ वर फक्त तेरा-चौदा फूट दिसतात, म्हणजे नुसती झाडाची खोडं. २ वर सतरा-अठरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बंदूक खांद्याला लावायची सवय असेल तर १.५ आणि १ मधला फरक हरणापुरता नगण्य आहे. ३-९ मात्र या रानात नको.

उजेडाचं गणित सोपं आहे. भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास. २४ भागिले ६ म्हणजे ४ मिमी. तोच स्कोप ४ वर आणला की ६ मिमी. ३३ मिमीचा ५ वर ६.६. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीत साधारण ५. पेन्सिल्व्हेनियात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी आहे. त्या अर्ध्या तासात पट ४ च्या वर नेऊ नका, मग २४ मिमीही पुरतं. ‘दिसत नाही’ म्हणून पट वाढवत नेली की चित्र आणखी काळं होतं. बहुतेक जण नेमकं हेच करतात.

तिरपा_डोळा

वजनाचं मान्य, दिव्याचं नाही. हेमलॉकच्या सावलीत तपकिरी हरणावर बारीक काळी फुली दिसतच नाही. त्यामुळे फुली बघून घ्या, ब्रँड नंतर. जाड खांबांची डुप्लेक्स (कडेला जाड, मध्यावर बारीक फुली) असेल तर दिव्याशिवाय निभावतं. बारीक खुणांची जाळी असेल तर दिवा हवाच.

याच कारणाने सेकंड फोकल प्लेन. फर्स्टमध्ये पट कमी केली की फुलीही बारीक होते. १ वर ती कोळ्याच्या धाग्याएवढी उरते, आणि रानात तुम्ही असता १ किंवा २ वरच. दिवा असलेला घेतलात तर दुकानात सर्वांत मंद पायरी बघा. भर उन्हात दिसणारा ठिपका मिरवणारे बरेच स्कोप संध्याकाळी सर्वांत खालच्या पायरीवरही डोळा दिपवतात आणि ठिपक्यामागचं हरीण गायब होतं. सीआर२०३२ सेल डिसेंबरच्या थंडीत लवकर मान टाकतो. सुटा एक आतल्या खिशात असू द्या.

‘रिमफायर’ (.२२ सारख्या छोट्या काडतुसांच्या) छापाचा स्वस्त २-७ चुकूनही उचलू नका. त्याचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की फुली सरकल्यासारखी दिसणं) ५०-६० यार्डांना बांधलेला असतो. सेंटरफायरचा (.३०-३० सारख्या मोठ्या काडतुसांचा) साधारण १०० किंवा १५० ला असतो.

छर्रा_प्रेमी_नाशिक

जाता जाता विचारतो: असाच एखादा लहान स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलला चालेल का? मावसभाऊ जानेवारीत अमेरिकेहून येतोय.

बारा_बोअर

नका मागवू. रायफल स्कोप अमेरिकेबाहेर नेणं तिथल्या निर्यात-नियंत्रणात येतं; बॅगेत टाकून आणायची वस्तू नाही ती. शिवाय स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. साध्या स्कोपची भिंगं पुढच्या झटक्यासाठी बांधलेली नसतात, आतून सैल होतात. ‘एअरगन रेटेड’ लिहिलेला आणि जवळ, १० मीटरपर्यंत फोकस होणाराच घ्या, तोही भारतातल्याच दुकानातून.

आटे_आणि_पेच

घोड्याचं आणि बसवण्याचं मी सांगतो.

अंगठा नीट पोचणार नाही. घोड्याला आडवी लागणारी छोटी दांडी मिळते, हॅमर एक्स्टेन्शन. उजव्या हाताला उजवीकडे, वरच्या बाजूने. तिचा पेच सैल होतो, हंगामाआधी तपासा. दांडी लावल्यावर रिकाम्या रायफलवर घोडा सावकाश उतरवायचा सराव करा. अंगठ्याचा कोन बदलतो आणि घोडा निसटण्याचा धोका तिथेच असतो.

आधी नळीखालचं मॅगझिन आणि चेंबर रिकामं. लिव्हर उघडून बोटाने चाचपा, नुसतं बघू नका. बेसच्या भोकांतलं तेल स्पिरिटने काढा, बेसच्या पेचांना निळं लॉकटाइट. रिंगांच्या टोपीच्या पेचांना लॉकटाइट नाही: ओलं असताना ते वंगणाचं काम करतं, ठरलेल्या आकड्यावरही पेच जास्त आवळला जातो आणि नळीला चेप बसते. टोपी १५ ते १८ इंच-पाउंड, आळीपाळीने, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. रिंग बेसच्या खाचेत बसवताना पुढे दाबून धरा आणि मग आवळा, नाहीतर पहिल्या काही गोळ्यांतच ती सरकेल आणि झिरो (ठरलेल्या अंतरावर जुळवलेला नेम) पळेल.

डोळ्याचं अंतर सर्वांत जास्त पटीवर ठरवा, कारण तिथे डोक्याला सर्वांत कमी सूट असते. आणि शिकारीचं जाड जाकीट घालूनच. शर्टावर जुळवलं तर जाकिटामुळे डोळा मागे जातो आणि काळी कड दिसू लागते. साडेतीन इंच तरी मोकळे राहिले पाहिजेत. फुली सरळ करायला वीस यार्डांवर ओळंबा टांगा आणि उभी रेघ त्याच्या दोरीला लावा.

रिंगा लो घ्या. या दस्त्याची गालाकडची बाजू लोखंडी साइटसाठी उतरती आहे. रिंग उंच झाली की गाल हवेत राहतो. तरी कमी पडलं तर पट्ट्याने बांधायची गालगादी मिळते.

हेमलॉक_वाडी

मनापासून आभार. २-७x३३, जाड डुप्लेक्स, लो रिंगा, असं ठरवतोय. झिरो १०० ला करू का? गोळी १५० ग्रेनची (गोळीच्या वजनाचं माप), सपाट नाकाची.

आटे_आणि_पेच

१०० यार्डांवर २ इंच वर ठेवा. मग १५० ला जवळपास मध्यावर येते आणि २०० ला पाचेक इंच खाली. मधे कुठेही हिशेब न करता छातीच्या मध्यावर धरायचं.

सुरुवात २५ यार्डांपासून. स्कोप नळीपासून दीड इंच वर असेल तर २५ वर मध्य म्हणजे १०० वर जवळजवळ तेच २ इंच. पाव मिनिटाची (कोनाचं मिनिट, १०० यार्डांवर साधारण एक इंच) क्लिक २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भागच सरकवते, म्हणजे इंचाला सोळा क्लिका. लोक चार मारतात आणि स्कोप बिघडला म्हणतात. मग १०० वर तीन-तीन गोळ्यांचे गट, मधे नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबून. वाळूची पिशवी लाकडाखाली, रिसीव्हरजवळ. नळी किंवा मॅगझिनची नळी टेकवली की गोळी वर लागते.

एक काडतूस ठरवलंत की त्याच खोक्यांवर हंगाम काढा. १७० ग्रेनवर गेलात तर झिरो पुन्हा करावं लागेल. आणि टोकदार नाकाच्या साध्या गोळ्या या मॅगझिनमध्ये कधीच नाहीत, पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसला की पेटणाऱ्या बुडाच्या टिकलीवर) टोक टेकतं. मऊ पॉलिमर टोकाच्या, खास लिव्हर रायफलींसाठी बनवलेल्या चालतात.