शब्दचर्चा: जुन्या गेमचं चित्र सुधारायचं, ताणायचं की उजळायचं?

कुडाळहून

काकांनी मुंबईहून आणलेल्या गेमच्या डिस्क आमच्या घरी अजून शाबूत आहेत. मशीन मात्र खाऱ्या हवेनं गंजलं. आता त्याच डिस्क भाचे कॉम्प्युटरवर इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून चालवतात. चित्राच्या सेटिंगांची त्यांना मराठीत टिपणं करून द्यायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो: एनहान्समेंट. त्याच्यामागोमाग अपस्केलिंग, इंटर्नल रेझोल्यूशन, टेक्श्चर, स्कॅनलाइन. इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवायला माझी हरकत नाही. पण बटण दाबल्यावर चित्राचं नेमकं काय होतं, ते शब्दावरून पोरांना कळायला हवं. सुचवा.

कणकवलीहून

आमचा फ्लेक्सचा धंदा. वाढदिवसाच्या बॅनरसाठी लोक व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो देतात. तो दहा बाय पंधरा फुटांवर घेतला की ठिपके (पिक्सेल) सुटे दिसायला लागतात आणि आम्ही सांगतो, ‘फोटो फाटता, ओरिजिनल धाड.’ फोटो ताणणं आणि फोटो फाटणं हे दोन्ही शब्द तळकोकणातल्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याला विचारा, लगेच समजतील. अपस्केलिंगला सरळ ‘ताणणं’ म्हणा.

रत्नागिरीहून

दादा, ‘फाटणं’ तर घेऊच. ‘ताणणं’ मात्र निम्म्याच ठिकाणी खरं आहे, आणि माझ्या मते ह्या चर्चेतला खरा गुंता तिथेच आहे.

जुन्या मारिओसारख्या सपाट गेममध्ये चित्रं ठिपक्यांनीच साठवलेली असतात. त्या ८-बिट मशीनचं पूर्ण चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. ते आजच्या पडद्यावर न्यायचं तर आहेत तेच ठिपके मोठे करायचे, दुसरा मार्ग नाही. हे ताणणंच. पण प्लेस्टेशनपासून पुढचे त्रिमितीचे गेम वेगळे. तिथे डिस्कवर तयार चित्र नसतं. कोपरे कुठे, त्यांच्यामधली बाजू कुठली, तिच्यावर काय चिकटवायचं, एवढाच हिशोब असतो आणि मशीन दर क्षणी त्यावरून चित्र काढतं. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. काढून झालेल्या रांगोळीचा फोटो मोठा केला तर ठिपकेच फुगतात. तीच आकृती ठिपके जवळजवळ मांडून पुन्हा काढली तर तिची वळणं गोल येतात.

इम्युलेटरचं इंटर्नल रेझोल्यूशन म्हणजे हे पुन्हा काढणं. प्लेस्टेशन २ चे बरेच गेम ६४० बाय ४४८ मध्ये चित्र काढत. पीसीएसएक्स२ ह्या त्याच्या इम्युलेटरमध्ये तिप्पट निवडलं की तेच चित्र १९२० बाय १३४४ मध्ये काढलं जातं. इथे काहीही ताणलेलं नसतं. म्हणून पहिल्याला ‘ताणणं’ आणि दुसऱ्याला ‘नव्यानं रेखाटणं’ असे दोन शब्द हवेतच. अपस्केलिंग हा एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे, ‘सेटिंग केलं तरी चित्र फाटलेलंच’ अशी तक्रार घेऊन पोरं माझ्याकडे येतात. बघायला जावं तर खेळ सपाट, ठिपक्यांचा असतो.

देवगडहून

दुप्पट, तिप्पट, चौपट हे शब्द मराठीत आयते आहेत, तेच मेनूसाठी घ्या. ‘नेटिव्ह’ला ‘मूळ’. फक्त ‘लांबी-रुंदी तिप्पट’ असं पूर्ण लिहा, कारण एकूण ठिपके तिप्पट होत नाहीत, नऊपट होतात. जुन्या लॅपटॉपचा पंखा का भणभणतो, ते मग आपोआप कळेल. हिंदीत चौपट म्हणजे वाटोळं, मराठीत तसं नाही, त्यामुळे खुशाल वापरा.

आणखी एक शब्द लागेल. ताणताना पट पूर्ण हवी. २४० ओळींचं चित्र १०८० ओळींच्या पडद्यावर साडेचारपट होतं, म्हणजे काही ओळी जाड आणि काही बारीक दिसतात. चौपट करून वरखाली ६० ओळींची काळी पट्टी सोडली तर सगळ्या ओळी सारख्या राहतात. फोर-के पडद्याच्या २१६० ओळींत २४० बरोबर नऊ वेळा बसतात. इंटिजर स्केलिंगला ‘पूर्ण पटीत ताणणं’ म्हणता येईल.

चिपळूणहून

टेक्श्चरला, म्हणजे त्या बाजूंवर चिकटवतात त्या चित्राला, ‘पोत’ म्हणा, दुसरा शब्द शोधू नका. कापडाचा पोत, जमिनीचा पोत आपण रोज म्हणतो. देवीपुढे नाचवतात तो पोत वेगळा, पण संदर्भ असताना घोळ होत नाही. भिंतीचा पोत, कातडीचा पोत, पाण्याचा पोत, सगळीकडे चालतो.

आता ‘नव्यानं रेखाटणं’ ह्याची एक मर्यादा सांगते. त्यानं कडा साफ होतात, पोत मात्र जुनाच राहतो. धारदार कडेच्या भिंतीवर पुसट विटा दिसतात, आणि आधी नजरेत न आलेला तो पुसटपणा आता खुपायला लागतो. म्हणून लोक पोत बदलतात. काही जण हातानं नवे रंगवतात, काही जण एआयकडून मोठे करून घेतात. २०१८ मध्ये ईएसआरगॅन हा चित्रं मोठी करणारा एआय आल्यापासून अशा संचांचा सुकाळ झाला. दोन्हींना ‘नवे पोत’ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. ‘हाताने केलेले’ आणि ‘यंत्राने भरलेले’ असा भेद लिहाच. पाटीवरचं अक्षर मूळ पोतात चार-सहा ठिपक्यांचं असेल, तर यंत्र तिथे अक्षरासारखं दिसणारं काहीतरी भरतं, आणि ते अक्षर नसतं.

मालवणहून

सगळ्यांचं वाचलं. ‘सुधारणा’ ह्या शब्दालाच माझा विरोध आहे. सुधारणा म्हटलं की मूळ चित्र बिघडलेलं होतं असं ठरतं, आणि ते खोटं आहे. ती चित्रं काचेच्या फुगीर टीव्हीसाठी काढलेली होती. १९९१ च्या सॉनिक ह्या गेममधला धबधबा उभ्या, एकाआड एक रेघांचा आहे. पिवळ्या पिनेच्या वायरीतून जाताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे आणि त्या रेघांचं पारदर्शक पाणी व्हायचं. आज लख्ख पडद्यावर त्याच्या नुसत्या काड्या दिसतात. चित्र काढणाऱ्यानं टीव्हीचा हा गुण हिशेबात धरला होता. आपण तो काढून घेतो आणि वर सुधारलं म्हणतो!

मग शेडर (तयार चित्रावर परिणाम चढवणारा छोटा प्रोग्राम) लावून लोक तोच गुण परत आणतात: ओळींमधल्या अंधाऱ्या फटी, थोडी चमक, रंगांची मिसळ. स्कॅनलाइनला मी ‘ओळींच्या फटी’ म्हणेन, कारण दिसतात त्या फटीच.

एनहान्समेंटसाठी ‘उजाळा’ कसा वाटतो? भांड्यांना, दागिन्यांना उजाळा देतात तेव्हा वस्तू तीच राहते. हल्ली हा शब्द फक्त आठवणींसोबत दिसतो, तो पुन्हा वस्तूला लागला तर मला आनंद होईल.

रत्नागिरीहून

‘उजाळा’ला माझं मत. एक भर घालतो: पहिल्या प्लेस्टेशनमध्ये कोपऱ्यांच्या जागा शेवटी पूर्ण आकड्यांत धरल्या जात, अपूर्णांक गळून पडे. म्हणून चालताना भिंती हलतात. ह्याला ‘डुगडुगणं’ हा नेमका शब्द आहे. ३२० बाय २४० वर ते खपून जायचं, चौपट रेखाटलं की डोळ्यांत भरतं. पीजीएक्सपी नावाचं सेटिंग ते गळलेले अपूर्णांक सांभाळून ठेवतं. टिपणांत ‘डुगडुग थांबवा’ एवढं लिहिलं तरी पुरे.

कुडाळहून

सगळ्यांचे आभार. उजाळा, ताणणं, नव्यानं रेखाटणं, पोत, डुगडुग, फाटणं घेतले. ‘ओळींच्या फटी’ही घेतल्या. शेडर आणि फिल्टर तसेच ठेवतो, पोरांच्या तोंडी आहेत. ताई, हातानं आणि यंत्रानं हा भेदही लिहीन. एकच राहिलं, वाइडस्क्रीन. जुना ४:३ चा गेम १६:९ करायचा ह्याला ‘रुंद करणं’ चालेल का?

देवगडहून

नको, तिथेही दोन गोष्टी आहेत. टीव्हीच्या रिमोटनं केलं तर चित्र आडवं ताणलं जातं आणि तोंडं सुजल्यासारखी दिसतात. इम्युलेटरच्या पॅचनं (गेमच्या हिशोबातच केलेल्या छोट्या बदलानं) केलं तर कॅमेराच रुंद बघतो, डावीउजवीकडचं जास्त दिसतं. दुसऱ्याला ‘बाजू उघडणं’ लिहा. आणि पुढे कंसात इशारा द्या: मूळ गेमनं त्या बाजूंना काही काढायची तयारीच ठेवली नसेल, तर कडेची झाडं आणि माणसं अचानक उगवतात आणि नाहीशी होतात. तसं झालं तर ते सेटिंग बंद करायचं, इम्युलेटर पुन्हा टाकत बसायचं नाही.